हस्तलिखित ते शोधगंगा : औरंगाबादेतील खुल्या ज्ञानव्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संशोधनाचे निष्कर्ष, त्यामागील आधारसामग्री, प्रबंध आणि लेख कोणत्याही आर्थिक वा संस्थात्मक अडसराविना अभ्यासकांच्या हाती यावेत, या विचारास आज 'खुले विज्ञान' असे नाव मिळाले आहे. येथे विज्ञान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा असून त्यात इतिहास, साहित्य व समाजशास्त्रे यांचाही समावेश होतो. फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने संशोधनलेखांच्या मुक्त उपलब्धतेचा आग्रह धरला, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सदस्य राष्ट्रांनी खुल्या विज्ञानाविषयीची शिफारस स्वीकारली. 'माहिती साक्षरता' ही संज्ञा त्याहून जुनी आहे. १९७४ मध्ये पॉल झुरकोव्हस्की यांनी ती अमेरिकेत प्रथम वापरली. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि प्रामाणिकपणे वापरणे एवढा तिचा आशय आहे.

या दोन्ही संकल्पनांवर आपल्याकडे जे लेखन होते ते बहुतांशी सर्वेक्षणाच्या स्वरूपाचे असते. प्रश्नावली वाटली जाते, टक्केवारी काढली जाते आणि ग्रंथालयात प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस करून लेख संपतो. हे प्रश्न जणू संगणकाबरोबरच आपल्या दारात आले, असा समज त्यातून दृढ होतो. प्रस्तुत लेखात वेगळी वाट धरली आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या एकाच शहराच्या ज्ञानव्यवहारातील काही प्रसंग येथे तपासले आहेत. (२०२३ पूर्वीच्या घटनांसाठी तत्कालीन नाव ठेवले आहे.) ग्रंथ उपलब्ध असणे आणि तो सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, सापडण्याजोगा करण्याचे काम कोणीतरी कष्टाने करावे लागते, आणि हे काम एके काळी या शहरात विद्वत्तेचाच भाग मानले जात होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एका हस्तलिखिताचा वर्षभराचा शोध

अठराव्या शतकाच्या मध्यावर औरंगाबाद हे दख्खनच्या राजकारणाचे व फारसी विद्येचे मोठे केंद्र होते. निजाम आसफजाहच्या दरबारातील समसामुद्दौला शाहनवाजखान हा सरदार राजकीय रोषास पात्र होऊन काही वर्षे सत्तेबाहेर राहिला. नासिरजंगाने १७४१ मध्ये पित्याविरुद्ध केलेल्या बंडात त्याचा पक्ष घेतल्याचे ते फळ होते. या सक्तीच्या निवृत्तीत त्याने 'मआसिर-उल्-उमरा' हा मोगल अमीर-उमरावांचा चरित्रकोश लिहावयास घेतला. १७४७ मध्ये तो पुन्हा सेवेत आला आणि ग्रंथ अपूर्ण राहिला. पुढे सलाबतजंगाच्या काळात त्याने सर्वोच्च कारभार पाहिला. मे १७५८ मध्ये फ्रेंचांच्या हस्तक्षेपातून उद्भवलेल्या दंगलीत त्याची हत्या झाली, घर लुटले गेले आणि त्या लुटीत हस्तलिखितही नाहीसे झाले.

या ग्रंथाची एकच प्रत होती, ही बाब ध्यानात घ्यावी. ती गेली असती तर मोगल इतिहासाच्या अभ्यासकांना आज एक अनिवार्य साधन मिळाले नसते. शाहनवाजखानाचे स्नेही मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हे त्या वेळी औरंगाबादेत होते. कवी, चरित्रकार आणि अरबी-फारसीचे गाढे विद्वान अशी त्यांची ख्याती होती. पाणचक्कीच्या परिसरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात त्यांनी काही वर्षे वास्तव्य केले होते. आझादांनी त्या हस्तलिखिताचा वर्षभर शोध घेतला, हाती आलेले लेखन जुळवले, त्यास प्रस्तावना जोडली आणि मूळ लेखकाचे चरित्रही लिहून समाविष्ट केले. पुढे शाहनवाजखानाचा पुत्र अब्दुल हय्य याने त्यात भर घालून १७८० मध्ये ग्रंथास अंतिम रूप दिले. त्याने आपण कोणकोणते ग्रंथ आधारास घेतले त्यांची यादी प्रस्तावनेत दिली आहे.

ही यादी आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दरबारी सरदाराच्या मुलाला तिची औपचारिक गरज नव्हती, कारण कोणत्याही विद्यापीठाने तिची मागणी केलेली नव्हती. वाचकाने आपले विधान पडताळून पाहावे, मूळ साधनापर्यंत जावे, ही अपेक्षा तीमागे दिसते. आझादांनी हरवलेला मजकूर शोधला आणि अब्दुल हय्यने त्यामागील साधने उघड केली. आज आपण आधारसामग्रीचे जतन आणि संदर्भांची पारदर्शकता असे जे शब्द वापरतो, त्यांचा प्रत्यक्ष व्यवहार असा होता. अर्थात हा व्यवहार फारसी जाणणाऱ्या मूठभरांपुरता होता, हेही नमूद केले पाहिजे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने हा ग्रंथ १८८८ ते १८९१ या काळात छापला, तेव्हा तो कोणत्याही अभ्यासकाला मिळू लागला. औरंगाबादेत रचलेल्या ग्रंथाला मुद्रित रूप मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली आणि तेही कलकत्त्यात.

शब्द घडविणारे कार्यालय

यानंतरचा महत्त्वाचा प्रसंग विसाव्या शतकातील आहे. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिवपद १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आले. ते औरंगाबादेत शिक्षणखात्यात नोकरीस असल्याने संस्थेचे कार्यालयही येथेच आले आणि १९३८ मध्ये दिल्लीला हलेपर्यंत येथेच राहिले. जवळपास पाव शतक उर्दूतील ज्ञानप्रसाराचे एक प्रमुख केंद्र या शहरात होते, ही गोष्ट आज शहरातील किती प्राध्यापकांना ठाऊक आहे याविषयी शंका वाटते. आपल्या मराठी लेखनात तर तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

याच काळात हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उभे राहिले. आधुनिक शास्त्रांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग सुरू झाला होता आणि त्याची धुरा आरंभी अब्दुल हक यांच्याकडेच होती. भाषांतर करताना पहिला अडथळा परिभाषेचा येतो. एकाच संकल्पनेला प्रत्येक भाषांतरकार वेगळा शब्द देऊ लागला तर वाचकाला दोन पुस्तकांची सांगड घालता येत नाही. म्हणून औरंगाबादच्या या कार्यालयाने १९२१ मध्ये वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा कशी घडवावी यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२५ मध्ये शास्त्रीय संज्ञांचा कोश काढला. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक येथून निघू लागले.

परिभाषाकोश हे बाह्यतः नीरस वाटणारे काम आहे. त्यात संशोधकाचे नाव गाजत नाही. परंतु सूची, निर्देशांक आणि आजची संगणकीय शोधयंत्रणा ही सर्व शब्दांच्या एकवाक्यतेवरच उभी असतात. मराठीत हेच काम महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये सुरू झालेल्या भाषा संचालनालयाने हाती घेतले. त्याचे विषयवार परिभाषाकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ते किती वापरले जातात हा निराळा विषय आहे. मराठवाड्याच्या पाण्याविषयीचे लेखन शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला दुष्काळ, अवर्षण, अनावृष्टी आणि पाणीटंचाई हे चारही शब्द टाकून पाहावे लागतात. यांतील प्रत्येकाची अर्थच्छटा भिन्न आहे हे खरे, पण लेखकांनी ती छटा जाणून शब्द निवडला आहे असे दरवेळी म्हणता येत नाही.

अंजुमनच्या कार्याची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या प्रदेशातील बहुसंख्य जनतेची भाषा मराठी होती आणि ज्ञानाचे हे दार उर्दूत उघडत होते. औरंगाबादेत १९२३ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय उस्मानियाशीच जोडलेले होते. मराठी घरातील विद्यार्थ्याला आधी माध्यमाची भिंत ओलांडावी लागे आणि पुढील शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. भाषेमुळे एका वर्गास जे खुले होते तेच दुसऱ्यास बंद होते. आज इंग्रजीच्या बाबतीत आपण हाच अनुभव घेत आहोत.

महाविद्यालय आणि विद्यापीठ

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. नागसेनवनातील हे मिलिंद महाविद्यालय म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना पोथीला स्पर्श करण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्यासाठी उघडलेले ग्रंथालय होते. मुक्त प्रवेश या संज्ञेचा एवढा मूलगामी अर्थ बुडापेस्टच्या जाहीरनाम्यातही नसेल. तेथे प्रश्न वर्गणीच्या रकमेचा होता, येथे तो माणसाच्या अधिकाराचा होता.

याच परिसरात घडलेल्या पिढीने पुढे स्वतःची नियतकालिके काढली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून चालविलेले 'अस्मितादर्श' हे त्यांतील सर्वांत दीर्घजीवी ठरले. प्रस्थापित नियतकालिकांत ज्यांना जागा नव्हती त्यांचे लेखन छापणे, त्याची चिकित्सा करणे आणि नवे लेखक घडविणे हे काम या त्रैमासिकाने अनेक दशके केले. दलित साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे जुने अंक पाहिल्याविना पुढे जाता येत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि या प्रदेशात संशोधन पदवीची सोय झाली. स. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. विद्यापीठाच्या स्थापनेपासूनची पाच दशके येथील पीएच. डी. प्रबंधांची अवस्था इतर विद्यापीठांसारखीच होती. टंकलिखित प्रती ग्रंथालयाच्या बंद कपाटात जात आणि वाचावयाच्या तर तेथे बसूनच वाचाव्या लागत. नांदेडच्या किंवा उमरग्याच्या प्राध्यापकाला आपल्या विषयावर आधी काय काम झाले हे पाहण्यासाठी रजा काढून यावे लागे. विषयाची पुनरावृत्ती झाली तर ती उघडकीस येण्याची शक्यताही अल्प असे, आणि काहींना ही व्यवस्था सोयीची वाटत असावी असे म्हणण्यास जागा आहे.

पारख करण्याचा प्रश्न

देशपातळीवर ग्रंथालये जोडण्याचे काम करणारे इन्फ्लिबनेट १९९१ मध्ये पुण्यातील आयुका या संस्थेत प्रकल्परूपाने सुरू झाले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र बनले. २००४ पासून विद्यापीठांना आणि पुढे 'एन-लिस्ट' योजनेतून महाविद्यालयांनाही इंग्रजी नियतकालिके संगणकावर मिळू लागली. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना अमलात आली असून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तीत आहेत. तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. मराठवाड्यातील बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालविलेली असल्याने आपले महाविद्यालय या योजनेत आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने ग्रंथपालांकडे विचारून घेणे इष्ट.

साधने वाढली, पण ती पारखण्याची सवय त्या गतीने वाढली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि प्रकाशित लेखांची संख्या मोजली जाऊ लागली. मागणी निर्माण झाल्यावर पुरवठाही झाला. पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिके गावोगावी निघाली. क्रमांक आहे म्हणजे दर्जा आहे, असा गैरसमज सर्वत्र पसरला. वास्तविक आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक आहे. वाहनाला क्रमांक मिळाला म्हणजे चालकाला वाहन चालविता येते असे सिद्ध होत नाही, इतकेच त्याचे मूल्य. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली. डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांची तपासणी करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी केवळ ११२ निकषांना उतरली. अनेकांचे पत्ते, संपादकांची नावे किंवा प्रभावगुणांक यांविषयीची माहिती अपुरी अथवा खोटी होती. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'केअर' या नव्या यादीची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले. आता कोणते नियतकालिक विश्वासार्ह हे ठरविण्याची जबाबदारी संस्थांवर व पर्यायाने प्राध्यापकांवर आली आहे.

ही घटना प्रस्तुत लेखकास स्वागतार्ह वाटते, जरी तीमुळे गोंधळ होणार हे उघड आहे. शासकीय यादी हे पारख करण्याच्या कष्टातून सुटका करून घेण्याचे साधन झाले होते. लेख वाचून त्याची योग्यता ठरविण्याऐवजी तो कोणत्या यादीतील अंकात आला एवढेच आपण पाहत होतो. महाविद्यालयांनी काढलेल्या, समीक्षकांकडून तपासून घेतलेल्या नियतकालिकांनाही हा प्रश्न लागू आहे. समीक्षण झाले याचा पुरावा लेखाच्या मजकुरातच दिसला पाहिजे. आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात मुक्त प्रकाशन, फसवी नियतकालिके आणि माहितीकोश यांचा अंतर्भाव आहे. माहिती साक्षरता प्रथमच संशोधकांच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात आली. ती शिकविणाऱ्या मार्गदर्शकांनी मात्र तो अभ्यासक्रम कधी केलेला नाही.

प्रबंध खुले झाले, ते सापडतात काय?

आयोगाच्या २००९ च्या पीएच. डी. नियमांनुसार पदवीची प्रक्रिया पूर्ण होताच प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेटकडे देणे आवश्यक झाले. त्यातून 'शोधगंगा' हा प्रबंधसंग्रह उभा राहिला. बंद कपाटातील प्रबंध उमरग्यातही वाचता येऊ लागला, ही मराठवाड्यासारख्या प्रदेशासाठी लहान गोष्ट नव्हे. येथील विद्यापीठाचे प्रबंधही त्या संग्रहात आहेत.

मराठी प्रबंधांची अडचण या ठिकाणी सुरू होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-योगेश यांसारख्या टंकांत होत आली. या टंकांत पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत आहे. जुन्या टंकातील प्रबंधाची एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी, म्हणजे निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसेल. शोधयंत्राला तेच दिसते. पाने छायाचित्ररूपात साठविली असतील तर त्याला काहीच दिसत नाही. असा प्रबंध माणसाला वाचता येतो, पण त्याच्या आतील मजकुरावरून त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नाही. शीर्षक रोमन लिपीत आणि तेही ज्याच्या त्याच्या पद्धतीने नोंदविलेले असल्यास तोही मार्ग खुंटतो. इंग्रजी प्रबंधाला ही अडचण नाही. म्हणजे एकाच खुल्या संग्रहात मराठीत लिहिणारा संशोधक पुन्हा मागच्या बाकावर बसला आहे.

या प्रबंधांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण ती डोळे मिटून वापरण्याजोगी नाहीत. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर नोंदविला जातो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे रफार आधी व वेलांटी नंतर येते. त्यामुळे ज्या शब्दांत दोन्ही एकत्र आहेत, जसे आर्थिक, धार्मिक, वार्षिक, मार्मिक, तेथे रूपांतरात चूक होण्याचा संभव अधिक. समाजशास्त्रांच्या प्रबंधांत नेमके हेच शब्द पानोपानी येतात. हे तपासण्यास मराठी जाणणारा वाचक लागतो. प्रत्यक्षात हे काम टंकलेखकावर सोपविले जाते, आणि त्याला मोबदला पानांवर मिळतो.

नव्या, थेट युनिकोडमध्ये लिहिलेल्या प्रबंधांतही एक सूक्ष्म अडचण उरते. 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. एकात नुक्ता असलेला र व हलन्त येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. निव्वळ अक्षरांची जुळणी पाहणाऱ्या शोधात मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील प्रबंध शोधणाऱ्या अभ्यासकाने एका पद्धतीने शब्द टाकला, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला प्रबंध त्याला दिसणारच नाही, आणि या विषयावर पूर्वी काम झालेले नाही असे तो आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहील. संशोधन केंद्राने प्रबंध स्वीकारतानाच देवनागरी शीर्षक, इंग्रजी शीर्षक, युनिकोडमधील सारांश आणि पर्यायी संज्ञांसह आठ-दहा मुख्य शब्द मार्गदर्शकाने तपासून दिल्याखेरीज संगणकीय प्रत पुढे पाठवू नये. यास एका प्रबंधामागे फार तर एक दुपार लागेल.